४×५ फिल्मवर नदीचे पाणी निर्जीव पांढरे का उमटते आणि त्यावर उपाय काय?

आपण लिहिले आहे की ४×५ इंची कॅमेरा, १५० मिमी लेन्स आणि नारिंगी फिल्टर घेऊन, छिद्र एफ/३२ वर (म्हणजे बरेच लहान) ठेवून आपण ढगाळ हवेत नदीची छायाचित्रे काढता. काठाचे खडक आणि झाडी सुरेख येते, पण पाण्याच्या जागी सपाट पांढरा पट्टा उमटतो. माझ्या मते येथे दोन निरनिराळे दोष एकत्र आले आहेत. एक म्हणजे पाण्याला फार वेळ मिळाला आहे आणि दुसरा म्हणजे फेसाची घनता, म्हणजे नेगेटिव्हवरचा त्याचा काळेपणा, प्रमाणाबाहेर गेली आहे. दुसरा दोष डेव्हलपिंगमध्ये बराचसा आवरता येतो. पहिला मात्र शटर मिटल्यानंतर कशानेही भरून निघत नाही, कारण पाण्याच्या पृष्ठभागावरचे जे आकार फिल्मवर पुसले गेले ते कागदावरच्या प्रतीत कुठून येणार? म्हणून नदीसमोर उभे राहिल्यावर मी सर्वांत आधी शटरचा वेळ ठरवतो आणि बाकी सर्व गोष्टी त्या वेळेला जुळवून घेतो.

वाहत्या पाण्याचा स्वभाव साधारणपणे १/८ ते १/२ सेकंद या टप्प्यात सर्वांत चांगला दिसतो, असा माझा अनुभव आहे. त्यात धारांना लांबी मिळते, पण खडकाला वळसा घालणारा प्रवाह, त्यामागचा भोवरा आणि लाटेची कड ओळखू येते. दोन-चार सेकंदांत पाणी रेशमासारखे होते आणि दहा सेकंदांच्या पुढे त्याचे धुके होते. चौकटीला आडवे जाणारे पाणी समोरून येणाऱ्या पाण्यापेक्षा लवकर पुसले जाते, त्यामुळे हे आकडे जागेनुसार थोडे मागेपुढे करावे लागतात.

आता आपल्या मापांकडे पाहू. ढगाळ उजेडात १०० आयएसओ संवेदनशीलतेच्या फिल्मला एफ/३२ वर सुमारे १/४ सेकंद लागतो आणि नारिंगी फिल्टरने दोन स्टॉप घेतले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) की तो एक सेकंद होतो. एफ/३२ आपण निवडले असणार ते पायाजवळचे दगड आणि पलीकडचा काठ दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून. पण नदीचे पात्र ही जवळजवळ सपाट, आडवी पातळी आहे आणि अशा पातळीसाठीच आपल्या कॅमेऱ्याला टिल्टची, म्हणजे लेन्स झुकवण्याची, सोय दिलेली आहे. लेन्सची पातळी, फिल्मची पातळी आणि स्पष्ट दिसणारी पातळी एकाच रेषेत मिळतात, हा थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे थेट उपयोगी पडतो. लेन्स पाण्यापासून दीड मीटर उंचीवर असेल आणि फिल्म उभी असेल, तर १५० मिमी लेन्स पुढे सुमारे ६ अंश झुकवल्यावर स्पष्टतेची पातळी पाण्यावर येऊन बसते. मग एफ/१६ देखील पुरते. टिल्टची ओळख बहुतेक वेळा केवळ स्पष्टता वाढवण्याचे साधन म्हणून करून दिली जाते, पण नदीच्या बाबतीत त्याचे खरे मोल त्यातून वाचणाऱ्या दोन स्टॉपमध्ये आहे. एकच खबरदारी घ्यावी: कॅमेऱ्याजवळ उंच झाड असेल तर त्याचा शेंडा या पातळीबाहेर पडतो, तेव्हा टिल्ट कमी करून छिद्र थोडे लहान करावे.

नारिंगी फिल्टरही ढगाळ दिवशी काढून ठेवावा. तो निळा रंग गडद करतो आणि निळ्या आकाशाचे प्रतिबिंब पाण्यात पडले असेल तेव्हा त्याचा परिणाम फार देखणा येतो. पण राखाडी आकाशाखाली पाण्यात निळे काही नसतेच, मग दोन स्टॉप व्यर्थ जातात. टिल्ट वापरून आणि फिल्टर काढून आपण एक सेकंदावरून १/१५ सेकंदापर्यंत येता आणि तेथून एफ/२२ ला १/८ किंवा एफ/३२ ला १/४ असा हवा तो वेळ निवडू शकता. उजेड आणखी कमी असेल तर ४०० आयएसओची फिल्म घ्यायला कचरू नये. १६×२० इंची प्रतीसाठी ही फिल्म लांबी-रुंदीत केवळ चौपट मोठी करावी लागते, तेथे कणांची चिंता करण्याचे कारण नाही.

फेसाच्या घनतेसाठी स्पॉट मीटर, म्हणजे दृश्यातल्या लहानशा भागाचा उजेड मोजणारा मीटर, हवा. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत मी येथे वापरतो; तीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना एकेका स्टॉपच्या अंतराने क्रमांक दिलेले असतात आणि मीटर पाचवी, मधली छटा धरून वेळ सांगतो. काठाच्या ज्या सावलीत तपशील हवा ती तिसऱ्या झोनमध्ये ठेवतो, म्हणजे मीटरने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश देतो, आणि मग फेस कोठे पडतो ते मोजतो. तो आठव्या झोनच्या पुढे गेला तर डेव्हलपिंगचा वेळ १५ ते २० टक्क्यांनी कमी करून सुरुवात करावी. मुद्दाम लांब वेळ द्यायचा असेल तर हे अधिकच पाळावे. लांब वेळेत फिल्मची संवेदनशीलता घटते, त्यामुळे इलफर्ड एफपी४ प्लससारख्या फिल्मला मोजलेले १० सेकंद प्रत्यक्षात सुमारे १८, तर ३० सेकंद सुमारे ७२ होतात, आणि या वाढीव वेळात सावल्यांपेक्षा फेसच अधिक घट्ट होतो.

तिपाईचे पाय शक्यतो प्रवाहात रोवू नयेत. पहिल्या वर्षी मी ते केले आणि १/२ सेकंदाच्या नेगेटिव्हवर काठाचे प्रत्येक गवताचे पाते दुहेरी आले, कारण पाण्याचा थरकाप पायांतून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला होता. कॅमेऱ्याच्या घडीदार भात्यावर वारा आपटत असेल तर काळे कापड आडोशाला धरावे आणि झुळूक ओसरल्यावरच शटरची केबल दाबावी.

फिल्म होल्डरच्या दोन्ही बाजूंच्या फिल्मवर तेच दृश्य त्याच मापाने घ्यावे. लाट दोन्ही वेळा वेगळी असते, त्यामुळे निवडीला वाव राहतो. शिवाय एकच फिल्म आधी डेव्हलप करून फेसातला तपशील भिंगातून तपासता येतो आणि तो बुजलेला दिसला तर दुसऱ्या फिल्मचा डेव्हलपिंगचा वेळ त्याप्रमाणे कमी करता येतो.