कोकणात सिगार घरी किती तापमानाला आणि किती आर्द्रतेत ठेवाव्यात?

तुमचं घर गुहागरला, बोटीवरच्या भावाने 25 क्यूबन सिगारची पेटी आणलीय, पावसाळा तोंडावर आलाय, आणि पेटी फ्रिजमध्ये ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. फ्रिजमध्ये कायमची ठेवू नका. तिथली हवा कोरडी असते, शिवाय आपल्याकडे फ्रिजमध्ये बांगडा असतोच आणि तंबाखू वास पटकन धरतो.

सगळीकडे सांगतात ते माप म्हणजे 18 ते 21 अंश सेल्सिअस आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता. मी रत्नागिरीत राहतो. माझ्या अनुभवाने आपण 65 च धरावं, 70 च्या नादी लागू नये. ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठेवायची खास पेटी; तिच्याबद्दलचे बहुतेक सल्ले कोरड्या हवेच्या लोकांसाठी असतात, म्हणून ते पेटीत ओल कशी टिकवायची ते शिकवतात. आपल्याला ओल बाहेर ठेवायचीय.

माझी पहिली पेटी मी लाकडी कपाटात ठेवली होती. गणपतीत उघडली तर टोकांवर हिरवट-पांढरी लव. बोटाने पुसली तर पानावर डाग राहिला. बुरशीच ती. सगळ्या टाकून दिल्या, फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना, तीच तुमची धोक्याची खूण. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाझरायला लागतं, आणि बुरशीलाही तिथूनच पुढे फावतं. जुलैत इथली हवा नव्वदीच्या घरात असते. याच मिठाने हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा काटा, तोही तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, आणि ते हायग्रोमीटरसोबत झिपच्या पिशवीत दिवसभर बंद ठेवा. काटा 75 वर यायला हवा. माझा 79 दाखवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी 4 वजा. स्वस्तातल्या काट्यावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

महागडा ह्युमिडॉर घेण्याआधी रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, आगोटीला पापड-फेण्या भरतो तसला. वास नसलेला हवा, मसाल्याचा जुना डबा नको. आत तपासलेला हायग्रोमीटर आणि बोव्हेडा कंपनीचं आर्द्रता राखणारं, 65 टक्क्यांचं, 60 ग्रॅमचं पाकीट ठेवा. 25 सिगारना एक पुरतं. ते ओल देतंही आणि ओढूनही घेतं. सिलिका जेल नुसतं ओढतच राहतं, पान चुरचुरीत करून टाकतं. सिगारच्या पेटीत सीडरच्या लाकडाच्या पातळ फळ्या असतील तर त्याही डब्यात घाला. हा स्पॅनिश सीडर म्हणजे देवदार नव्हे, तो कडुनिंबाच्या कुळातला.

उरला प्रश्न उष्णतेचा. एसीशिवाय 21 अंश आपल्याकडे टिकत नाहीत, आणि 24 च्या वर गेलं की पानात अंडी असतील तर तंबाखूचा किडा बाहेर पडायची भीती असते. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली, पांढऱ्या कागदावर हलकेच आपटल्यावर भुकटी पडली, तर तो आलाय असं समजा. म्हणून डब्यात भरण्याआधी एकदाच फ्रीझर वापरा. सिगार दोन झिपच्या पिशव्यांत बंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. घाई केली तर वरचं पान तडकतं. हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधीच उरका. एकदा वादळवाऱ्यात लाईट जायला लागली की फ्रीझरचा भरवसा नाही.

मग डबा घरातल्या सर्वांत गार जागी ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. चिऱ्याच्या जुन्या घरात माजघराचा कोनाडा चांगला, पण ओल आलेल्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात डबा उगाच उघडू नका. आठवड्यातून एकदा, पाऊस थांबलेल्या दुपारी, आकडा बघा आणि लगेच बंद करा.