उपग्रहाला विचारून बोअर घेता येईल का?

प्रश्न : यंदा ७०० फूट जाऊनही आमचं बोअर कोरडं गेलं. वर डोक्यावर कर्ज. उपग्रह जमिनीखालचं पाणी मोजतात असं पेपरात वाचलं. मग पुढचं बोअर कुठं घ्यायचं, ते त्याला कळेल का?
– एक शेतकरी, ता. केज, जि. बीड

उत्तर : नाही, दादा. आणि कृपा करून त्या आशेवर दुसरं बोअर घेऊ नका.

वीस वर्षं मी मराठवाड्यातल्या विहिरींत टेप सोडून पातळी मोजली. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. त्यामुळे २००२ साली अमेरिका आणि जर्मनीने सोडलेल्या ‘ग्रेस’ या जोडउपग्रहांचं मला फार अप्रूप. त्यांना पाणी दिसत नाही, त्याचं वजन जाणवतं. एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर. खाली वजन जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो, अंतर वाढतं. मग मागचा ओढला जातो. केसाच्या जाडीहून कितीतरी लहान फरकही ते टिपत. खडक महिन्या-महिन्याला बदलत नाही, बदलतं ते मुख्यतः पाणी आणि बर्फ. त्यातून धरणांतलं पाणी आणि मातीतली ओल वजा केली की भूजल उरतं. २०१८ पासून हेच काम नवी जोडी करते.

जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय काठोकाठ भरला की त्यात सुमारे २.९ घन किलोमीटर पाणी असतं. ‘ग्रेस’च्या मोजणीनुसार ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणाच्या पोटातून १०९ घन किलोमीटर भूजल गेलं. म्हणजे सदतीस नाथसागर! ग्रीनलँडचा बर्फ तर वर्षाला सरासरी नव्वद नाथसागरांइतका घटतोय. हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा मी पुन्हा पुन्हा भागाकार करून पाहिला.

पण साधारण तीनशे किलोमीटरच्या आतलं त्या जोडीला वेगळं ओळखता येत नाही. संभाजीनगर ते नांदेड हा तिच्या लेखी एकच ठिपका. आपल्या काळ्या पाषाणात तर पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात असतं; एका बोअरला लागतं, पन्नास फुटांवर ठणठणीत.

तुमची जुनी विहीर बुजवली नसेल तर मे अखेरीस रात्रभर पंप बंद ठेवा. सकाळी सुतळीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, तारीख घालून वहीत लिहा. ऑक्टोबरात पुन्हा. शेजाऱ्यांनाही मोजायला लावा. वही घेऊन या, आपण बसून पाहू.