गुडघ्याची चिठ्ठी

वाचकांचे प्रश्न : सांधेदुखी

प्रश्न : मॅडम, मी गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. शाळेतून निवृत्त झाले. एका फिजिओथेरपिस्टकडून गुडघ्यांचे व्यायाम शिकून घेतले आणि आता बचतगटाच्या बायका आठवड्यातून दोनदा संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात माझ्यासोबत ते करतात. येतात त्यांना फरक पडतो. पण डॉक्टरांना याचा पत्ताच नाही. ते गोळ्या देतात, "वजन कमी करा, व्यायाम करा" म्हणतात आणि पुढचा पेशंट बोलावतात. आम्हीही त्यांच्याकडे कधी गेलो नाही. आम्ही कोण, असं वाटतं. ही दोन टोकं जोडायची कशी?

उत्तर : ताई, "आम्ही कोण" हे आधी मनातून काढा. गुडघ्याची झीज होऊन जो संधिवात होतो, त्यात व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं हेच पहिले उपचार मानले जातात. गोळ्या त्यांच्या जोडीला. म्हणजे डॉक्टर जे तोंडी सांगतात, ते तुमच्या सभामंडपात प्रत्यक्ष होतंय.

मी रत्नागिरीत काम सुरू केलं तेव्हा प्रत्येकाला व्यायामाच्या चित्रांचा छापील कागद द्यायची. एकदा एका काकूंच्या घरी गेले. चिरेबंदी पाखाडीच्या पायऱ्या चढून त्यांची पडवी गाठेपर्यंत मलाच दम लागला. माझा कागद त्यांनी देव्हाऱ्यामागे चार घड्या घालून जपून ठेवला होता, कडेला हळदीचं बोट उमटलेलं. "रोज बघतंय गो मी तो," त्या म्हणाल्या, "पण एकटीच्यान होत नाय." त्या दिवसापासून मी नुसतं "व्यायाम करा" म्हणायचं सोडलं. कुठे, कोणत्या वारी, किती वाजता आणि तिथे कोण भेटेल, हे सांगते.

तुमच्या डॉक्टरांकडून एवढंच मागा. त्यांच्या टेबलावर छापील चिठ्ठ्यांचं एक पॅड ठेवा. चिठ्ठीवर सभामंडपाचं नाव, वार, वेळ आणि तुमचा फोन नंबर आधीच छापलेला असू दे. डॉक्टरांनी भरायच्या फक्त तीन जागा : कोणता सांधा आणि दुखणं कशाचं, बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे का, आणि काय टाळायचं. ओपीडीच्या रांगेत त्यांना याहून जास्त वेळ नसतो, आणि लागतही नाही. चिठ्ठी पेशंटच्या हातातच द्यायची. तिचा आजार गटात मोठ्याने वाचायचा नाही, हे मात्र कटाक्षाने पाळा.

चिठ्ठीची मागची बाजू तुमची. डेन्मार्कमध्ये 2013 साली 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात गुडघे आणि खुब्याच्या पेशंटना दोन वेळा माहिती देतात आणि 12 वेळा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करून घेतात. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि वर्षाने मोजमाप करून नोंद ठेवतात. तुम्ही आठवड्यातून दोनदा जमता, म्हणजे सहा आठवड्यांत तुमचेही 12 वर्ग होतात. पहिल्या दिवशी भिंतीला टेकवलेल्या, बिनहाताच्या पक्क्या खुर्चीवर बसवा, हात छातीवर घडी घालून. 30 सेकंदांत ती बाई किती वेळा पूर्ण उठून उभी राहते ते मोजा. दुखणं 0 ते 10 मध्ये किती, ते विचारा. सहा आठवड्यांनी दोन्ही पुन्हा. हे चार आकडे मागे लिहा, किती वर्गांना आली तेही, आणि पुढच्या तपासणीला चिठ्ठी डॉक्टरांकडे परत जाऊ दे. माझा अनुभव असा, की अर्ज-विनंत्यांपेक्षा अशा पाच-सहा चिठ्ठ्या हातात पडल्या की डॉक्टर स्वतःहून फोन करतात.

आता एका गोष्टीवर मी जरा जास्तच जोर देणार आहे. सगळी सांधेदुखी झिजेची नसते. आमच्या गटात कोलंबी सोलायला जाणारी एक बाई गुडघ्यासाठी म्हणून आली. माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सुजलेली, रोजच्या बांगड्या चढेनात म्हणून तिने त्या काढून ठेवल्या होत्या. सकाळी तास-दीड तास नळाची तोटी पिळता येत नाही, चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरावा लागतो, म्हणाली. हा आमवात असू शकतो, रूमेटॉइड. त्याची औषधं वेगळी, आणि उशीर झाला तर सांधे वाकडे होतात. दोन वर्षं ती दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेत होती. त्याच दिवशी मी तिच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी तिला पुढे संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. ही उलटी वाट तुमच्याकडेही हवी. अशी सूज, तासाच्या वरचा सकाळचा आखडलेपणा, तापासोबत लाल आणि गरम झालेला सांधा, किंवा अचानक सुजलेली पोटरी दिसली, तर व्यायाम न देता आधी डॉक्टर. तापातला गरम सांधा आणि सुजलेली पोटरी असेल तर त्याच दिवशी.

आणि गटात कुणी आमवातावरची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी घेत असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार कॅलेंडरवर लिहून ठेवायला लावा.

सुरुवात कुणापासून? तुमच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर त्यांच्यापासून. आशाताईंना सोबत न्या, कुणाच्या घरात कोण लंगडतंय ते त्यांना माहीत असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांच्या तपासणीचा ठरलेला वार असेल तर त्या दिवशी तुमच्यातल्या एकीने बाहेर बाकावर बसावं. चिठ्ठी घेऊन बाहेर आलेल्या बाईला तिथेच नावाने हाक मारून "गुरुवारी मी घ्यायला येते" म्हणणारं कुणी असलं, तर ती येते. खाजगी डॉक्टरांना एकदाच अर्धा तास सभामंडपात बोलवा. खुर्चीवरून उठणाऱ्या बायका त्यांनी डोळ्यांनी बघू दे.

पहिली तुकडी भात झोडून झालं की मार्गशीर्षात बसवा. लावणीत कुणाला सवड नसते आणि पावसात शेवाळलेल्या पाखाडीवर दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला उतरवणं मला धोक्याचं वाटतं. थंडीत आखडलेपणाही जास्त जाणवतो, त्यामुळे बायका येतात. सहा आठवडे धरले तर शिमग्यासाठी सभामंडप लागायच्या आत तुमचे 12 वर्ग पुरे होतील.