वाचकांचे प्रश्न : खिडकीतून टिपलेले किनारपक्षी

प्रश्न : डिसेंबरात दोन दिवस डहाणू-बोर्डीला जाणार आहोत. मागच्या खेपेस दुपारी पोहोचलो, तर पक्षी लांब चिखलात ठिपक्याएवढे दिसत होते. रस्त्यावरून, गाडीत बसूनच बरे फोटो मिळतील का? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : मिळतील, पण कॅमेऱ्याआधी पंचांग उघडा. ओहोटीला किनारा दूरवर उघडा पडतो आणि चिखल्या, तुतवार, कर्ल्यू खाद्यामागे पार आत जातात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना काठाकडे ढकलत आणते. पूर्ण भरतीआधीचे दोन तास कामाचे.

कोकणातला जुना हिशेब असा : तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. दुसरी गोष्ट उन्हाची. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून थेट पक्ष्यावर पडते. संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. दोन्ही जुळतात ते द्वादशी ते चतुर्दशी, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. अष्टमीच्या आसपास मात्र भरती सहाच्या सुमारास येते, उजाडेपर्यंत पाणी उतरू लागलेले असते. शिवाय हे भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचे पाणी फारसे चढतही नाही.

त्र्यंबक-जव्हारमार्गे पहाटे निघून सातला पोहोचायचा हट्ट नको, आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. सकाळी डहाणूहून बोर्डीकडे जाताना समुद्र डावीकडे राहतो, म्हणून फोटो काढणाऱ्याने चालकाशेजारी बसावे. गाडी सुरूच्या सावलीत, रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या. वळणावर किंवा पुलावर नको. दार उघडू नका. गाडीला न बुजणारा पक्षी माणूस खाली उतरताच उडतो. थवा उडताना हवा म्हणून खडे मारणारे महाभाग असतात. खाण्याचे मोजके तास त्या पक्ष्यांचे असे वाया जातात.

प्रश्न : ४०० मिमीच्या लेन्सने गंगापूर धरणाच्या काठी गाडीतून काढलेले फोटो धूसर येतात आणि बगळे पांढरेफटक. लेन्स बदलू का?

उत्तर : आधी इंजिन बंद करा. त्याची थरथर काचेतून लेन्सपर्यंत पोहोचते. जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात दीड-दोन किलो तांदूळ भरा, पण दोन-तृतीयांशच. गच्च भरलेली पिशवी लेन्सला धरून बसत नाही. काच अर्धी खाली घेऊन पिशवी तिच्यावर टाका. बसलेल्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंद, उडत्याला १/२००० किंवा त्याहून जलद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर. पिशवीवर टेकवूनही धूसर येत असेल आणि वेळ नऊ-साडेनऊनंतरची असेल, तर तो तापलेल्या हवेचा थरथराट. त्याला कुठलीच महागडी लेन्स पुरी पडत नाही. जवळचा पक्षी शोधा, नाहीतर चहा घ्या.

बगळा पांढराफटक येतो, कारण चौकटीतला बराचसा भाग गडद पाण्याचा असतो. कॅमेरा त्या पाण्याला उजळवायला जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ वा गडद करायची सोय) उणे २/३ ते उणे १ ठेवा. पाणकावळ्यावर वळताना ते शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर तो डांबराचा गोळा दिसेल.

समुद्रावर नेणार असाल तर आणखी दोन पथ्ये. एसीच्या गार गाडीतून लेन्स दमट हवेत काढली की तिच्यावर वाफ धरते. शेवटची वीस मिनिटे एसी बंद, काचा उघड्या. आणि लेन्सवरचे खारे तुषार कोरड्या फडक्याने घासू नका. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात किंचित ओलावलेल्या मऊ कापडाने टिपा.

प्रश्न : नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर घिरट्या घालणारे पांढरे पक्षी समुद्रावरचे कुरव (गल) का?

उत्तर : चोच खाली रोखून उडत असतील, पंख निमुळते असतील आणि शेपटी दुभंगलेली, तर ते सुरय (टर्न). कुरवाचे पंख रुंद आणि तो बदकासारखा पाण्यावर तरंगत बसतो.