जुन्या डर्ट बाइकची चाकं : हब ठेवा, रिम बदला

प्रश्न : माझ्याकडे १९७८ची यामाहा डीटी १७५ आहे. दोन्ही रिम गंजून स्पोकच्या भोकांपाशी चिरल्यात. मूळ चाकं कुठेच मिळत नाहीत. हीरो एक्सपल्सची बसतील का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुढे २१ इंच, मागे १८ इंच, एवढंच जुळतं. एक्सपल्सला दोन्हीकडे डिस्क, तुमच्या गाडीला ड्रम. शिवाय मागचा १२०/८० टायर चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासेल. हब (चाकाचा मधला भाग, ज्यातून एक्सल जातो) धड असतील तर तेच ठेवा आणि नुसती रिम व स्पोक नवे भरून घ्या.

जुने स्पोक कापायची घाई मात्र नको. आधी हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा. रिम हबच्या मधोमध असेलच असं नाही, आणि हे माप हरवलं की चाक एका अंगाला जातं. पुढच्या २.७५-२१ टायरला १.६० इंच रुंदीची, मागच्या ४.१०-१८ला १.८५ची रिम चालते. भोकं मोजा, बहुधा ३६ असतात. पण नुसता आकडा जुळून भागत नाही. रिमची भोकं हबच्या व्यासाप्रमाणे तिरकी पाडलेली असतात. तो कल चुकला तर स्पोक निप्पलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटाच्या) तोंडाशी वाकतो आणि खड्ड्यात नेमका तिथेच तुटतो. म्हणून पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, जाताना हब सोबत न्या. आतल्या आणि बाहेरच्या स्पोकचे नमुने वेगळे बांधा, त्यांच्या डोक्याचा वाक वेगळा असतो. निप्पलबाहेर आलेलं टोक कानशीने घासून घ्या, नाहीतर ट्यूब गेलीच. आऊट काढल्यावर (स्पोक आवळून चाक सरळ फिरतं केल्यावर) फरक आडवा-उभा दोन्ही २ मिमीच्या आत हवा. नवे स्पोक सैल पडतातच, थोडी गाडी चालवून पुन्हा आवळा.

प्रश्न : पुढचा हबच तडकला असेल तर? – एक वाचक, भोसरी

उत्तर : दुसऱ्या गाडीचा ड्रम हब घेता येतो. त्यात ६२०२ बेअरिंग (१५×३५×११, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिमीमध्ये) असेल आणि तुमचा एक्सल १७ मिमीचा, तर ६००३ (१७×३५×१०) त्याच घरात बसतं. १ मिमीची तूट बाहेरून वॉशरने भरा. दोन बेअरिंगांमधली स्पेसर नळी आतून लेथवर १७ मिमीची करून घ्या, लांबी तीच ठेवा. ती आखूड झाली तर एक्सल आवळताच बेअरिंग दाबलं जातं आणि लवकर जातं.

सगळ्यात आधी ब्रेक प्लेटची (ब्रेक शू धरणाऱ्या, ड्रमच्या झाकणाची) खाच फोर्कवरच्या खुंटीत बसते का ते बघा. प्लेट अडकलेली नसेल तर ब्रेक दाबताच ती चाकाबरोबर फिरते, केबल ओढली जाते आणि पुढचं चाक जाम होतं. खाच बसत नसेल तर तो हब घेऊच नका.