थंडीत हायब्रिड: मोठी एसयूव्ही सोडून आलेल्यांचे प्रश्न

नोव्हेंबर लागला की अमेरिका आणि कॅनडातल्या वाचकांचे गाड्यांबद्दलचे प्रश्न वाढतात. यंदा बरेचसे प्रश्न एकाच वळणाचे आहेत: सात-आठ जणांची मोठी एसयूव्ही विकली, हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) घेतली आणि पहिल्याच बर्फात धास्ती बसली. त्यांतल्या काहींची ही उत्तरं.

शेवरोलेची मोठी एसयूव्ही टाहो देऊन उन्हाळ्यात टोयोटाची हायब्रिड प्रियस घेतली. कागदावर गॅलनला ५७ मैल आहेत आणि ऑगस्टमध्ये तेवढे मिळतही होते. आता उणे ७ सेल्सियसला आकडा ३८ वर आलाय. टाहो १७ द्यायची, पण थंडीत एवढी कोसळत नव्हती. गाडीत दोष आहे का? (मिनिॲपोलिस)

दोष नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे असे आहेत: २५ सेल्सियसच्या तुलनेत उणे ७ ला साधी पेट्रोल गाडी शहरात सुमारे १५ टक्के कमी मायलेज देते आणि तीन-चार मैलांच्याच फेऱ्या असतील तर २४ टक्क्यांपर्यंत कमी. हायब्रिडची घट ३० ते ३४ टक्के असते. ५७ चे ३८ म्हणजे बरोबर एक तृतीयांश.

हायब्रिडची बरीचशी बचत इंजिन बंद ठेवण्यातून येते आणि थंडी त्याला बंद राहू देत नाही. केबिनमधली गरम हवा इंजिनाच्या कूलंटमधून येते, त्यामुळे कूलंट थंड पडलं की गाडी इंजिन चालू करते. धुराड्यातला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम ठेवण्यासाठीही ते चालावं लागतं. शिवाय गारठलेली बॅटरी पटकन चार्ज घेत नाही आणि देतही नाही, म्हणून ब्रेक मारताना परत मिळणारी वीजही घटते. टाहोचं आठ सिलिंडरचं इंजिन मुळातच इतकी उष्णता वाया घालवतं की केबिन त्यावर फुकटात तापते. प्रियसच्या इंजिनाकडे वाया घालवायला तेवढी उष्णताच नाही.

आता टक्के बाजूला ठेवा आणि गॅलन मोजा. १०० मैलांना उन्हाळ्यात टाहोला साधारण ५.९ गॅलन लागत होते, प्रियसला १.७५. बचत ४.१. थंडीतल्या छोट्या फेऱ्यांत टाहो १३ वर आली असती, म्हणजे ७.७ गॅलन. प्रियसला ३८ च्या हिशोबाने २.६. बचत ५.१! मायलेज पडलेलं दिसतं म्हणून जीव खाली-वर होतो, पण खिशातले पैसे हिवाळ्यातच जास्त वाचताहेत.

त्यातूनही थोडं परत मिळवता येतं. सिग्नलला उभे असताना करून पाहा: हीटर २५ वर असेल तर इंजिन घुरघुरत राहतं. तो २० वर आणा, इंजिन थोडं तापलेलं असेल तर ते काही क्षणांत बंद पडेल. अंग गरम ठेवायला सीट आणि स्टिअरिंगचा हीटर वापरा. ते विजेवर चालतात आणि सगळी हवा तापवण्याच्या मानाने फारच थोडी ऊर्जा खातात. इको मोडमध्ये हीटरची हावही कमी होते. किराणा, मुलांचा क्लास, फार्मसी ही कामं एका फेरीत बसवा, कारण खर्च होतो तो थंड इंजिन पुन्हा पुन्हा तापवण्यात. तुमच्याकडे उणे २० नेहमीचं आहे, तेव्हा ब्लॉक हीटर (इंजिन विजेवर गरम करणारा हीटर) बसवून घ्या आणि टायमर लावून निघण्याआधी दोन-तीन तास चालू ठेवा. रात्रभर ठेवून विजेचं बिल तेवढं वाढतं. गाडीच्या पुढच्या जाळीसमोर पुठ्ठा लावायचा जुना उपाय मात्र नव्या गाड्यांवर करू नका. जाळीच्या झडपा गाडी स्वतःच उघडते-मिटते आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा भाग) थंड ठेवणारी हवाही तिथूनच येते.

एसयूव्ही रोज सकाळी पंधरा मिनिटं चालू ठेवून तापवायचो. हायब्रिडलाही तेवढंच करायचं का? गॅरेजमध्येच करतो, दार अर्धं उघडं असतं. (ब्रॅम्प्टन)

दार अर्धं उघडं ठेवून नाही आणि पूर्ण उघडं ठेवूनही नाही. गॅरेजमध्ये गाडी तापवूच नका. हायब्रिडमध्ये हा धोका जास्त आहे, कारण 'रेडी'चा दिवा लागलेली गाडी एकदम शांत असते. ती बंद आहे असं समजून माणूस घरात जातो आणि दहा मिनिटांनी इंजिन आपोआप चालू होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गॅरेज घराला चिकटलेलं असेल तर तो सरळ आत येतो. उतरताना डॅशबोर्डवरचा रेडीचा दिवा विझलाय का, हे रोज डोळ्यांनी बघा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गाडी बाहेर उभी असेल तर चालू करण्याआधी धुराड्याभोवतीचा बर्फ फावड्याने काढा.

तापवण्याचं म्हणाल तर अर्धा मिनिट पुरे. काचा आणि छत साफ करा आणि पहिले पाच-सात मिनिटं सावकाश चालवा. चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. छतावरचा बर्फ ठेवून निघू नका, पहिल्याच ब्रेकला तो पुढच्या काचेवर घसरतो. हेडलाइट एलईडी असतील तर त्यांच्यावरचा बर्फही हाताने पुसा. जुन्या हॅलोजनसारखे ते तापून बर्फ वितळवत नाहीत.

टाहो देऊन प्रियस घेतली, पण फोर व्हील ड्राइव्ह गेल्याची चुटपुट आहे. परवा ड्राइव्हवेच्या तोंडाशी अडकलो. पेडल दाबलं तर चाकं फिरायचीच थांबली. पुढच्या वेळी ऑल व्हील ड्राइव्ह हायब्रिड घ्यावी का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

पहिली टायरची. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. थांबवतात ते टायर. ऑल-सीझन टायरचं रबर ७ सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं आणि हायब्रिडला कारखान्यातून येणारे टायर तर मायलेजवर डोळा ठेवून निवडलेले असतात. डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेले विंटर टायर घ्या आणि चारही घ्या. दोनच पुढे लावले तर वळणावर मागची बाजू पुढे यायला बघते. सध्याच्या प्रियसच्या वरच्या मॉडेलांना १९ इंची चाकं येतात आणि त्या मापाचे टायर मिळायला अवघड, वर महाग. खालच्या एलई मॉडेलचं १९५/६०आर१७ हे माप हिवाळ्यासाठी वेगळ्या रिमवर बसवून घेणं जास्त शहाणपणाचं. हवा महिन्यातून दोनदा तपासा. तापमान साडेपाच सेल्सियसने उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. गॅरेजच्या उबेत भरलेली हवा बाहेर कमी भरते, म्हणून दाब थंड टायरवरच मोजायचा.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि तुमचा अडथळा बहुधा हाच होता. रस्ता साफ करणारा प्लाऊ ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा जो बांध घालून जातो, तो टाहो आठ इंचांच्या उंचीवरून सहज ओलांडायची. प्रियस जमिनीपासून जेमतेम पाच-सव्वापाच इंच आहे. बांधावर चढवली की गाडी पोटावर बसते, चाकांवरचं वजन जातं आणि मग दोन काय नि चार काय, कुठलंच चाक पकड घेत नाही. गोठलेल्या बांधावर जोरात घातली तर पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण क्लिपांतून निसटतं आणि रस्त्यावर घासत जातं. बांध फावड्याने काढा, त्याला पर्याय नाही. ते रोज जमणार नसेल तर आरएव्ही४ हायब्रिडसारखी आठ इंच उंचीची गाडी तुमच्यासाठी. तुमच्या भागात हे माप मी ऑल व्हील ड्राइव्हच्याही आधी बघेन.

तिसरी, चाकं थांबण्याची. तो बिघाड नाही, ट्रॅक्शन कंट्रोल आहे. चाक घसरतंय असं दिसलं की ते मोटरची ताकद तोडतं. अडकल्यावर ते तात्पुरतं बंद करायची सोय बटणात किंवा स्क्रीनच्या मेन्यूत असते. मॅन्युअल काढून ती जागा आजच शोधून ठेवा, बर्फात उभं राहून शोधणं कठीण. बंद करा, चाकांपुढे वाळू किंवा मांजराच्या टोपलीत घालतात ती माती टाका, पेडल अगदी हलकं दाबा आणि सुटलात की लगेच पुन्हा चालू करा.

जुनी ऑल व्हील ड्राइव्ह प्रियस बघत असाल तर एवढं लक्षात घ्या: आधीच्या पिढीत मागची मोटर ७ अश्वशक्तीची होती आणि ताशी ७० किलोमीटरपर्यंतच काम करायची. २०२३ पासूनच्या पिढीत ती ४० अश्वशक्तीची आहे.

डिसेंबरात पाच आठवडे पुण्याला जाणार. हायब्रिडची बॅटरी एवढ्या दिवसांत उतरेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

मोठी बॅटरी पाच आठवड्यांत फारशी उतरत नाही. दगा देते ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये तिला इंजिन फिरवायचं नसतं, फक्त गाडीचे संगणक जागे करून मोठ्या बॅटरीचे रिले (विजेचे स्विच) जोडायचे असतात. पण तेवढ्यासाठीही तिच्यात जीव लागतो. ती आकाराने लहान असते आणि अलार्म, किल्लीचा रिसीव्हर तिला दिवसरात्र चोखत असतात, त्यात थंडी. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी रेडी होत नाही.

चार वर्षांहून जुनी असेल तर निघण्याआधी तपासून घ्या, नाहीतर सरळ बदला. गॅरेजमध्ये प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर) लावून जा. बॅटरी एजीएम प्रकारची (आतला द्रव काचेच्या चटईत शोषलेली) असेल तर मेंटेनरही तो पर्याय असलेलाच घ्या. प्लग नसेल तर शेजाऱ्याला किल्ली द्या आणि आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणायला सांगा. नुसती ॲक्सेसरीवर ठेवली तर बॅटरी भरण्याऐवजी उतरते, दिवा रेडीचाच लागायला हवा. चालवणार नसतील तर गाडी तेवढा वेळ उघड्यावर रेडीवर ठेवावी, समोर उभं राहून. दुसरी किल्ली गाडीजवळच्या खुंटीला टांगू नका. किल्ली जवळ असली की गाडी झोपत नाही.

बॅग, मुलं आणि उणे दहाची रात्र अशा अवस्थेत परतल्यावर गाडी मेलेलीच निघाली तर रिमोटमधली धातूची किल्ली बाहेर काढा, दार तिने उघडतं. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी मागे असते आणि मागचं दार विजेवर उघडतं, म्हणून तिथे झटत बसू नका. पुढच्या बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाचं टोक असतं. जंप पॅकची (गाडी चालू करून देणाऱ्या छोट्या बॅटरीची) लाल तार त्याला, काळी रंग नसलेल्या उघड्या धातूला, मग ब्रेक दाबून पॉवरचं बटण. तारा उलट लागल्या तर इन्व्हर्टरपर्यंतचे महागडे भाग जळू शकतात, म्हणून टॉर्चच्या उजेडात दोनदा बघा. आणि आता शेजारच्या मोठ्या एसयूव्हीला आपल्या गाडीवरून जंप द्यायचा नाही. तिच्या स्टार्टरला लागणारा करंट तुमच्या गाडीच्या आवाक्यातला नाही.

घाटउतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची जुनी सवय आहे. इथे डोंगरात बर्फ असतो. बी गिअर वापरू का? (कॅलगरी)

न्यूट्रल पूर्ण सोडा. न्यूट्रलमध्ये हायब्रिडची बॅटरी चार्ज होत नाही आणि ब्रेकचा सगळा भार पॅडवर येतो. 'बी' (उतारावर इंजिनाच्या रोधाने वेग आवरणारा गिअर) कोरड्या लांब उतारासाठी ठीक, बर्फावर नको. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीत बीचा सगळा रोध पुढच्या दोनच चाकांवर येतो आणि तीच घसरली तर स्टिअरिंग निकामी. डी मध्ये राहा, वेग आधीच कमी ठेवा. ब्रेक हलका धरलेला असताना चाक खड्ड्यात किंवा बर्फावर घसरलं, तर गाडी क्षणभर पुढे ढकलल्यासारखी वाटते. मोटरचा ब्रेक सुटून पॅडचा ब्रेक लागतो तो हा क्षण. पाय उचलू नका, उलट आणखी दाबा.

जुनी आरएव्ही४ हायब्रिड बघतोय. बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत काय तपासावं? (माँट्रियल)

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. मागच्या मोटरला जाणारी नारिंगी जाड केबल आधी बघा. २०१९ पासूनच्या पिढीतल्या काही गाड्यांत तिच्या मोटरकडच्या कनेक्टरमध्ये मीठपाणी शिरून गंज धरल्याचं आढळलं आहे आणि ही केबल बदलणं स्वस्त नाही. कनेक्टरभोवती हिरवट-पांढरी पूड दिसते का आणि ती केबल वॉरंटीत बसते का, हे डीलरकडून गाडीचा नंबर देऊन लेखी घ्या. मेकॅनिक नसाल तर तिला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

मग ब्रेक. हायब्रिडचे पॅड कमी झिजतात, ही कौतुकाची गोष्ट मिठाच्या गावात उलटते. डिस्क वापरली जात नाही, गंजते, आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा दिसला, तर पिन अडकली आहे. घेतल्यावर दरवर्षी पिना काढून, साफ करून ग्रीस लावून घ्या. मागच्या सीटजवळची बॅटरीच्या हवेची जाळीही बघा. केस आणि धूळ साचली असेल तर आधीच्या मालकाने ती कधी उघडलेली नाही. बॅटरीची वॉरंटी २०२० मॉडेलपासून १० वर्षं किंवा २,४०,००० किलोमीटर आहे, त्यामुळे २०१९ आणि २०२० मध्ये निवड असेल तर २०२०. आणि तुमच्या प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, तेव्हा चांगले टायर रिमसकट मिळत असतील तर ते किमतीत धरून बोला.

ऑफिस घरापासून चारच किलोमीटर. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते, पेट्रोलचा वासही येतो. (मिसिसागा)

थंड इंजिनात सगळं पेट्रोल जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि इंजिन पुरेसं तापलं नाही की उडून जात नाही. हायब्रिडमध्ये इंजिन मधेमधे बंद पडत असल्याने तेल तापायला आणखी वेळ लागतो. आठवड्यातून एकदा हायवेवर सलग ३०-४० मिनिटं चालवा. तेल सहा महिन्यांनी किंवा ८,००० किलोमीटरला बदला, दहा-बारा हजारांची वाट बघू नका. गाडीला ०डब्ल्यू-१६ हे पातळ तेल सांगितलं असेल तर थंडीत तेच भरा. पातळ होतंय म्हणून जाड तेल घातलं तर पहाटेच्या थंड इंजिनाला ते वेळेवर पोचत नाही. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर हायवेची फेरी मारत बसू नका, या आठवड्यातच तेल बदला आणि नवीन भरल्यावर पंधरा दिवसांनी, सपाट जागी, गाडी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक बघा. तेवढ्यात पुन्हा वाढलेली दिसली तर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तपासून घ्या.