पहिल्यांदाच लंडनला निघालात? एवढं बघा

वहिनी, घाबरू नका. मुंबई-लंडन अंतर साधारण ७२०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास, येताना तासभर कमी. वरचा पश्चिमेचा वारा तेव्हा पाठीशी असतो. बाकीचं गणित पायलटचं!

नवखे चुकतात ते इथं:

- तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. सरळ वजाबाकी करू नका. लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागं.
- तारीख! '१५ तारीख, ०२:००' म्हणजे १४ ची रात्र. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, सांगली-मुंबई रस्ता आठेक तासांचा, घाटात ट्रक बंद पडला तर विचारूच नका. म्हणून १४ लाच लवकर जेवून दुपारी बाराच्या ठोक्याला गाडी काढा.

जेट लॅगचं नंतर बोलू.